तीन थापा आणि एक कान

अमेरिकेला निघालेल्या मराठी कुटुंबाला स्थळांची यादी करावी लागत नाही, ती तयारच असते. नायगारा डोळ्यांसाठी, डिस्नी मुलांसाठी, स्वातंत्र्यदेवी फोटोसाठी, न्यू जर्सीतली देवळं आईवडिलांसाठी आणि आउटलेट मॉल शेजारपाजारच्यांसाठी. हार्वर्ड या यादीत नेमकं कुणासाठी असतं, हे कुणी उघड बोलत नाही. तिथे धबधबा नाही, पाळणे नाहीत, एकावर एक फुकट नाही. तरीही घरातलं मूल आठवीच्या पुढे सरकलं की बापाला अचानक बॉस्टनची ओढ लागते. "बॉस्टनपण करून टाकू एक दिवस," असं तो अगदी सहज सुचल्यासारखं म्हणतो. बॉस्टनला समुद्र आहे, जुन्या गल्ल्या आहेत, बंदरात चहा बुडवल्याचा इतिहास आहे. त्यातलं काहीही त्याला बघायचं नसतं.

आमच्याकडे ही ओढ नवऱ्याला एडिसनच्या मुक्कामी, धाकट्या भावजींच्या डायनिंग टेबलावर लागली.

"फक्त बघून यायचं," तो म्हणाला. "कसलंही प्रेशर नाही."

थोरली नुकतीच दहावीत गेली होती. ज्या घरात प्रेशर नाही असं मुद्दाम सांगितलं जातं, त्या घरात तिसरी शिट्टी व्हायला आली आहे, हे दहावीतल्या मुलीला सांगावं लागत नाही.

"बघायचंच असेल तर व्हिडिओ आहेत की, बाबा."

"व्हिडिओत वातावरण येत नाही."

वातावरणावर आम्हा मराठी आईबापांची भारी श्रद्धा. मुलाला अभ्यासाच्या वातावरणात नुसतं नेऊन उभं केलं की बाकीचं आपोआप होतं, असं आम्ही मानतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका या श्रद्धेवरच चालतात.

"आणि तुला जे व्हायचंय ते तू हो," नवऱ्याने पुढे जोडलं. "आमचं काही म्हणणं नाही."

काही म्हणणं नसलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला दिवे लावत घरभर फिरत होता.

जाऊबाईंना ऑफिस होतं. त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी डब्यात भरून दिली आणि सुटका झाल्याचा आनंद शक्य तितका लपवला. सासूबाई अमेरिकेत आल्यापासून पंजाबी ड्रेसमध्ये वावरत होत्या. त्या दिवशी मात्र इरकल नेसून, खाली स्पोर्ट्स शूज घालून तयार झाल्या. "विद्येचं ठिकाण आहे," एवढंच म्हणाल्या. धाकट्याचं वय आठ. त्याला हार्वर्ड म्हणजे हॉटेल वाटत होतं आणि तिथे स्विमिंग पूल आहे का, असं त्याने विचारून ठेवलं होतं.

हा प्रश्न भावजींनी नेमका उचलला. भावजी अमेरिकेत बरीच वर्षं आहेत, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असतं. कनेटिकटमधून जाताना त्यांनी सांगायला घेतलं. हार्वर्डची मुख्य लायब्ररी वाइडनर. हॅरी वाइडनर नावाचा तरुण, हार्वर्डचा १९०७ सालचा पदवीधर, पुस्तकांचा नादी. १९१२ मध्ये टायटॅनिकवर होता. तो आणि त्याचे वडील दोघंही बुडाले. आई वाचली. तिने मुलाच्या नावाने ही लायब्ररी बांधून दिली आणि अट घातली, की हार्वर्डच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पोहता आलंच पाहिजे!

गाडीत क्षणभर सगळे गप्प झाले. मग मागच्या सीटवरून थोरलीचा आवाज आला.

"आई, माझं स्विमिंग कोणी बंद केलं होतं गं? आठवीत? क्लासच्या वेळेत येतं म्हणून?"

मी खिडकीबाहेरची झाडं बघू लागले. कनेटिकटमध्ये झाडं फार छान आहेत.

हार्वर्ड ज्या गावात आहे त्याचं नाव केंब्रिज. इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये शिकलेल्या मंडळींनी इथे कॉलेज काढलं आणि गावाचं नावही तेच ठेवलं. आपलं गाव सोडून आलेला माणूस आधी गावाच्या नावाची पाटी लावतो, हे एडिसनमधल्या मराठी मंडळाला वेगळं सांगायला नको. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत भावजींनी या केंब्रिजला प्रदक्षिणा घातल्या. मग नवऱ्याने "दहा मिनिटांवर आहे" असं म्हणून आम्हाला चालायला लावलं. विटांच्या पदपथावरून सासूबाई त्यांच्या शूजमध्ये सगळ्यांच्या पुढे होत्या.

फाटकातून आत शिरलो तसा नवऱ्याचा आवाज खाली गेला. तो गाभाऱ्यात बोलतात तसा बोलू लागला. समोर हिरवळ, उंच झाडं, लाल विटांच्या साध्यासुध्या इमारती आणि हिरवळीवर विखुरलेल्या रंगीत खुर्च्या. यालाच हार्वर्ड यार्ड म्हणतात. पहिल्या वर्षाची मुलं या यार्डातल्या इमारतींत राहतात.

"आत येताना दिसली ती मॅसॅच्युसेट्स हॉल," नवरा कुजबुजला. "१७२० सालची. शनिवारवाड्याच्याही आधीची."

"खार!" धाकटा ओरडला.

"अरे, खारी आपल्याकडेपण असतात."

"पण ही जाड आहे."

"हार्वर्डची आहे," सासूबाई म्हणाल्या. "खात्यापित्या घरची असणारच."

खार त्यांच्यापासून हातभर अंतरावर, मागच्या पायांवर उभी राहून आमच्या पिशवीकडे बघत होती. खात्यापित्या घरची, हे सासूबाईंचं निदान अचूक होतं. विद्यापीठाची गंगाजळी ५० अब्ज डॉलरच्या वर आहे.

तेवढ्यात एक विद्यार्थी आमच्याकडे पाठ करून उलटा चालत आला. त्याच्यासमोर पाहुण्यांचा घोळका होता. अमेरिकेतल्या विद्यापीठांत गाइड असेच चालतात. तोंड पाहुण्यांकडे, पाय मागे, बोलणं अखंड, आणि तरी तो खांबाला, झाडाला, सायकलला कशालाच धडकत नाही. आम्ही घोळक्यात सामील झालो. धाकट्याने त्याला पाच मिनिटं न्याहाळलं आणि विचारलं, "इथे हे शिकवतात?" त्या क्षणापासून तोही उलटा चालू लागला. संध्याकाळपर्यंत तो एक कचराकुंडी, दोन कोरियन आजोबा आणि स्वतःची आजी यांना धडकला. हार्वर्डचं जे काही वातावरण आमच्या घरातल्या कुणाला लागलं, ते एवढंच.

यार्डाच्या मध्यावर जॉन हार्वर्डचा पुतळा आहे. खुर्चीत बसलेला, मांडीवर पुस्तक, अंग सगळं काळपट आणि डाव्या पायाचा जोडा मात्र लखलखीत सोनेरी. या पायाला हात लावला की नशीब उघडतं, अशी समजूत. समोर रांग होती. चिनी होते, कोरियन होते, ब्राझीलचे होते, आणि आपले तर होतेच. आया मुलांना उचलून धरत होत्या, बाप फोन आडवा-उभा करत होते. जगातल्या एवढ्या भाषांत 'नीट हात लाव' हे वाक्य एका वेळी ऐकायला मिळणारी जागा दुसरी नसेल.

सासूबाईंना काही सांगावं लागलं नाही. पाय दिसला, रांग दिसली, पुढचं त्यांना येत होतं. त्या रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर टाचा उंचावल्या, पायाला हात लावला, तो हात डोळ्यांना लावला, मग डोक्याला लावला. मागून थोरलीला ढकललं, "लाव हात." थोरलीने एका बोटाने स्पर्श केला. ट्रेनमध्ये सीट पुसतात त्या बेताने.

हे सगळं यथासांग झाल्यावर उलटा चालणारा मुलगा बोलू लागला.

या पुतळ्याला इथे 'तीन थापांचा पुतळा' म्हणतात, तो म्हणाला. चौथऱ्यावर लिहिलंय, 'जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८'. पहिली थाप, हा संस्थापक नव्हे. कॉलेज काढलं ते मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेने. जॉन हार्वर्ड हा तरुण धर्मोपदेशक. तिशीत क्षयाने गेला आणि जाताना निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तकं कॉलेजला देऊन गेला, म्हणून त्याचं नाव दिलं. दुसरी थाप, साल. स्थापना १६३६ ची. १६३८ हे त्याच्या मृत्यूचं साल. आणि तिसरी थाप म्हणजे हा जॉन हार्वर्डच नाही. तो दिसायचा कसा हे कुणालाच माहीत नाही, त्याचं एकही चित्र नाही. १८८४ मध्ये डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने पुतळा घडवला तेव्हा इथल्याच एका विद्यार्थ्याला समोर बसवलं. याच फ्रेंचने पुढे वॉशिंग्टनमधला बसलेला लिंकन घडवला.

नवऱ्याने हे सगळं आईला मराठीत सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि बाकी सगळं गाळून एकच प्रश्न विचारला.

"मग पाय कुणाचा?"

"शर्मन होर म्हणून एक विद्यार्थी होता."

"म्हणजे मी एका पोराच्या पाया पडले?"

"हो."

"शिकला का तरी पुढे?"

"शिकला. वकील झाला. अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला."

"मग असू दे," सासूबाई म्हणाल्या आणि विषय मिटला.

तो तिथेच मिटला असता तर बरं झालं असतं. पण त्या पायावर रात्री विद्यार्थी काय करतात, याबद्दल इथे पिढ्यान्‌पिढ्या जे बोललं जातं, ते भावजींनी त्याच वेळी नवऱ्याच्या कानात सांगितलं. नवऱ्याचा चेहरा बदलला. त्याने खिशातून सॅनिटायझर काढला आणि काही न बोलता आईच्या तळहातावर अर्धी बाटली ओतली. "उन्हाचं बरं असतं," तो म्हणाला. सासूबाईंनी विश्वास ठेवला. थोरलीने ठेवला नाही. तिने फोन काढला, नवी नोंद उघडली आणि वर शीर्षक घातलं, 'थापा'. पुतळ्याच्या नावावर तीन. बाबाच्या नावावर, कालपासूनच्या धरून, 'प्रेशर नाही', 'दहा मिनिटं' आणि 'उन्हाचं बरं असतं'. बरोबरी झाली होती.

गमतीचा भाग म्हणजे हे सगळं ज्या अंगणात चाललं होतं, त्याच्या फाटकांवर, खिडक्यांवर, टी-शर्टांवर सगळीकडे हार्वर्डची ढाल आहे. ढालीवर तीन उघडी पुस्तकं आणि त्यांवर तुकडे करून लिहिलेलं ब्रीद, 'वेरितास'. सत्य.

वाइडनरच्या भव्य पायऱ्यांशी आल्यावर भावजींनी गाइडला मोठ्या आत्मविश्वासाने पोहण्याच्या अटीबद्दल विचारलं. उलटं चालणं न थांबवता तो म्हणाला, तीही दंतकथाच. लायब्ररी आईने बांधून दिली हे खरं, टायटॅनिकही खरं, पोहण्याची अट मात्र कुठेही नाही. थोरलीने काकाचं खातं उघडलं. मला मात्र एवढं हलकं वाटलं, की मी त्या पायऱ्यांवर बसूनच घेतलं. आत पुस्तकांच्या मांडण्याच सुमारे ५७ मैल लांबीच्या आहेत. आम्हाला त्यातला एक फूटही दिसला नाही, कारण ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत.

पुस्तकांवरून गाइडने आणखी एक गोष्ट सांगितली. जॉन हार्वर्डने दिलेली ती ४०० पुस्तकं १७६४ च्या आगीत जळाली. त्याच्या संग्रहातलं एकच वाचलं. का? तर ते आग लागली त्या रात्री कुणाच्या तरी घरी होतं. धाकटा उलटं चालायचा थांबला. आमच्या सोसायटीच्या वाचनालयाचं एक पुस्तक त्याच्या कपाटात गणपतीपासून पडून आहे आणि त्यावरून मी त्याला बरंच बोललेली आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. हार्वर्डने त्याला निर्दोष सोडलं होतं.

दुपारी रंगीत खुर्च्या ओढून आम्ही डबा उघडला. लसणाच्या चटणीचा वास यार्डात जिथवर जायचा तिथवर गेला. शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलीने नाक वर केलं, मग हसून काय आहे म्हणून विचारलं आणि सासूबाईंनी तिच्या हातावर पुरीच ठेवली. एवढ्यात ती मघाचीच खार, किंवा तिच्या वर्गातली दुसरी, धाकट्याच्या मांडीवरची पुरी उचलून झाडावर गेली. फांदीवर बसून तिने पुरी दोन्ही हातांत गोल फिरवली, कड कुरतडली, थांबली, तिखट लागलं असावं, आणि मग पुन्हा कुरतडू लागली. हार्वर्डमध्ये आमच्या घरातलं काही शिरलं असेल, तर ती तिखटमिठाची पुरी.

नवऱ्याने याच वेळेसाठी राखून ठेवलेला विषय काढला. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. घरदार सोडून बुद्धाच्या मागे निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असं भटकत पाली शिकले. १९१० मध्ये त्यांना इथे हार्वर्डला बोलावलं ते 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती करायला. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने हे काम सुरू केलं होतं, तो वारला, म्हणून. पण नाव कुणाचं किती यावरून प्रोफेसर लॅनमन यांच्याशी बिनसलं आणि धर्मानंद परतले. पुढे पुन्हा आले, पुन्हा काम केलं. ग्रंथ छापून आला १९५० मध्ये. धर्मानंद १९४७ मध्येच गेले होते.

"बघ," नवरा म्हणाला, "चाळीस वर्षं! याला म्हणतात चिकाटी."

"म्हणजे ग्रुप प्रोजेक्ट होता," थोरली म्हणाली. "एक पार्टनर गेला, दुसऱ्याने केलं, नावावरून भांडणं झाली आणि सबमिशन चाळीस वर्षं लेट. माझं एक दिवस लेट झालं तेव्हा तू शाळेत माफीपत्र लिहून दिलंस."

नवऱ्याने पाण्याचा घोट घेतला आणि हुकमी पान काढलं. १९१८ मध्ये धर्मानंद दुसऱ्यांदा आले तेव्हा मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना घेऊन आले. अकरा वर्षांचा दामोदर इथल्याच केंब्रिजच्या शाळेत शिकला, १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला, आणि मग गणित, नाणी, इतिहास, काय काय केलं त्याने! "बापाने मुलाला इथे आणलं म्हणून ना?"

थोरलीने खरोखरच विचार केला. ती अशी प्रामाणिकपणे विचार करते तेव्हा जास्त भीती वाटते.

"बाबा, त्यांचे बाबा इथे कामाला आले होते. आपण दोन तासांचं पार्किंग घेतलंय."

सासूबाईंना मात्र ती गोष्ट लागली. त्या काळात बोटीने, आईविना दोन लेकरं, एवढ्या लांब. "मुलीलाही आणलं का?" त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. आणलं, तीही इथेच शिकली, असं भावजींनी सांगितल्यावर त्यांनी नातीच्या डब्यात आपल्यातली एक पुरी टाकली. त्यांच्याकडे या गोष्टीला याहून मोठी दाद नाही. सासूबाईंना शाळेनंतर घालायला गावात कॉलेज नव्हतं.

मग पैशाचं बोलणं निघालं, ते निघणारच. राहण्याजेवणासकट वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर. नवऱ्याने मनातल्या मनात गुणाकार केला आणि पुरी खाली ठेवली. सत्तर लाखांच्या आसपास.

"पण इथे गरज बघून मदत देतात," भावजी म्हणाले. "परदेशी मुलांनाही. प्रवेश देताना ऐपत बघतच नाहीत."

"मग गरीब कोण ते कोण ठरवतं?"

"तेच."

"आपण बसतो त्यात," सासूबाई म्हणाल्या. "फक्त तो फोनमधला घराचा फोटो दाखवू नकोस."

अर्ज करणाऱ्या शंभरांतल्या जेमतेम तीन-चार जणांना इथे प्रवेश मिळतो, हे भावजींनी सांगितल्यावर मात्र पैशाची चर्चा एकदम हलकीफुलकी झाली. जे परवडत नाही ते मिळणारही नाही, याने मध्यमवर्गाला नेहमीच आधार दिलेला आहे.

दुपारचं ऊन टाळायला आम्ही नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात शिरलो. तिथे काचेची फुलं आहेत. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ राहणारे ब्लाश्का बापलेक, लिओपोल्ड आणि रुडॉल्फ. वनस्पतिशास्त्र शिकवायला नमुने हवेत म्हणून हार्वर्डने त्यांच्याकडून काचेच्या वनस्पती करून घेतल्या. १८८७ ते १९३६. बाप मध्येच वारला, मुलगा एकटा करत राहिला. चार हजारांवर नमुने.

काच म्हटल्यावर मी शोकेसमधली चकचकीत गुलाबाची फुलं गृहीत धरली होती. इथे देठावरची लव काचेची, पानाला किडीने पाडलेलं भोक काचेचं, मातीतून उपटल्यासारखी केसागत मुळं काचेची. सासूबाईंच्या बाल्कनीत सोळा कुंड्या आहेत. त्या पेटीवर वाकल्या ते त्यांचा चष्मा काचेला टेकेपर्यंत. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पुढच्या दालनात गेल्या, आणि तिथून हाक आली.

"अगं, इकडे ये. इथे सडलेली आहेत!"

खरोखर होती. रोग पडलेली, बुरशी धरलेली फळं. मऊ पडून काळवंडत गेलेली, राखाडी लव चढलेली स्ट्रॉबेरी. डाग पडलेलं पान कडेने वळत चाललेलं. सगळं काचेचं, सगळं हाताने केलेलं. फळं कुजतात कशी हे विद्यार्थ्यांना कळावं, म्हणून रुडॉल्फने म्हातारपणी वर्षानुवर्षं हे काम केलं.

"तिकीट काढून सडकी फळं बघायला आणलंस," सासूबाई म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. "माझ्या मिरचीवर पडतो तो हाच रोग. पान असंच वळतं. आता कळलं." थोरली शेजारी येऊन उभी राहिली. तिने फोन खाली केला होता. "आजी, हे सगळं खोटं आहे," ती म्हणाली, "पण थापेत नाही ना धरता येणार?" सासूबाईंनी मान हलवली. हार्वर्डमध्ये त्या दिवशी आमच्यापैकी कुणी काही शिकलं असेल, तर ते त्या पेटीसमोर, आणि शिकणारीचं वय एकाहत्तर होतं.

बाहेर पडल्यावर टी-शर्टाचं दुकान लागलं. किंमत बघून सासूबाई म्हणाल्या, डोंबिवली स्टेशनबाहेर हाच दोनशेत मिळतो. नवरा म्हणाला, तो खोटा असतो. "हा घातला की पोरगं खरं होणार आहे का?" याला उत्तर नव्हतं. टी-शर्ट घेतला, धाकट्याच्या मापाचा. लहान मापाला पैसे कमी पडतात.

परतताना मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूने सरळ खाली आलो की एमआयटी लागते आणि पुढे चार्ल्स नदीवरचा पूल. पुलाचं नाव हार्वर्ड ब्रिज. तो हार्वर्डला जात नाही, एमआयटीच्या दारात उतरतो. थोरलीने नोंद केली. एमआयटीतल्या प्रसिद्ध बोळाला 'अनंत कॉरिडॉर' म्हणतात, आणि लांबी आहे २५१ मीटर. तीही नोंद झाली. १९९४ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी रातोरात मोठ्या घुमटावर पोलिसांची गाडी चढवून ठेवली होती; सांगाडाच होता, पण आत पोलिसाचा पुतळा आणि डोनटचा खोका. हे ऐकून धाकटा म्हणाला, "मला इथे यायचंय." नवरा इतका दचकला, की आनंद व्हायला त्याला वेळ लागला.

पुलाच्या पदपथावर रंगाने आकडे लिहिले होते. दहा, वीस, तीस. हे फूट नव्हेत, मीटर नव्हेत, स्मूट. १९५८ मध्ये एमआयटीतल्या मुलांच्या एका मंडळाने ऑलिव्हर स्मूट नावाच्या नव्या पोराला या पुलावर आडवं केलं, डोक्याशी खूण केली, पुढे सरकवून पुन्हा आडवं केलं, असं करत पूल मोजला. तो थकल्यावर उचलून उचलून मोजला. लांबी भरली ३६४.४ स्मूट, अधिक-उणे एक कान. खुणा अजूनही पुन्हा पुन्हा नव्याने रंगवतात. पुलाची दुरुस्ती झाली तेव्हा पदपथाच्या काँक्रीटला रेघाही स्मूटच्या मापाने पाडल्या. आणि तो स्मूट पुढे अमेरिकेच्या मानक संस्थेचा आणि मग मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचाही अध्यक्ष झाला.

"अधिक-उणे एक कान!" थोरली थांबलीच. "आई, सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी खरं लिहिलंय. चूक असेल तर किती असेल, तेपण लिहिलंय."

धाकटा तोवर पुलावर आडवा झाला होता. थोरलीने हिशेब केला, पाऊण स्मूटला जरा कमी. आजीने आडवं व्हायला नकार दिला, इरकल होतं म्हणून. मग थोरलीने विचारलं, "स्मूट म्हणजे किती उंची?"

"पाच फूट सात इंच," भावजी म्हणाले.

ती बापाकडे वळली. "बाबा, तू किती?"

"पाच सात."

"म्हणजे तू बरोबर एक स्मूट आहेस!"

माझा नवरा बँकेत आहे. घडी मोडू नये म्हणून तो विमानातही पँट सांभाळून बसतो. त्याने इकडेतिकडे बघितलं, चष्मा माझ्या हातात दिला आणि केंब्रिज-बॉस्टनच्या पुलावर, भर संध्याकाळी, एका खुणेवर टाचा टेकवून आडवा झाला. धावायला निघालेले लोक त्याला वळसा घालून जात होते. थोरलीने गुडघ्यांवर बसून डोक्याशी बघितलं.

"पर्फेक्ट!" ती ओरडली. "बाबा, तू पास!"

तो उठला तेव्हा पाठ धुळीने भरली होती आणि चेहऱ्यावर जे काही होतं, ते मी त्याच्या प्रमोशनलाही पाहिलेलं नाही. जगातल्या एका नामांकित संस्थेच्या मापात आमच्या घरातलं एक माणूस तंतोतंत बसलं होतं. परतीच्या सबंध वाटेवर त्याने अभ्यासाचा, वातावरणाचा, कोसंबींचा विषय काढला नाही. गाडीत थोरली त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि तिच्या यादीत त्यानंतर त्याच्या नावावर एकही नोंद पडली नाही.

आता आम्ही डोंबिवलीत परतलो आहोत. परवा सोसायटीच्या कट्ट्यावर सासूबाईंची मैफल रंगली होती. नातवंडं अमेरिकेत काय काय करून आली, अशी विचारणा झाली. सासूबाईंनी पदर सारखा केला.

"काही नाही, हार्वर्डला जाऊन आली."

"अगंबाई! दोघंही? कशात?"

धाकटा शेजारी उलटा चालत होता, टी-शर्ट अंगात होता. "काकाच्या गाडीत," तो म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला हळूच दुसऱ्या दिशेला लावून दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "थोरलीचं अजून नक्की व्हायचंय."

मी थोरलीकडे बघितलं. तिने फोन काढला, यादी उघडली, आजीच्या नावाने नवं खातं टाकलं, आणि जरा विचार करून समोर लिहिलं, 'खरं. अधिक-उणे एक कान.'